पुंगळीवरची काजळी

काळी पुंगळी हातात आली की माणूस घाबरतो, आणि घाबरला की नेमकं उलटं करतो. माझ्या अमेरिकेतल्या दुसऱ्या नोकरीचं सार एवढंच आहे. बाकीचं लिहितोय ते स्वतःला बरं वाटावं म्हणून.

मी मूळचा सांगलीचा, शिक्षणानं धातुशास्त्राचा इंजिनियर. ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला चिपच्या कारखान्यात होतो. या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली आणि आमचा अख्खा विभाग बंद झाला. धातुशास्त्रज्ञ हवा, अशी जाहिरात त्या वेळी फिनिक्सच्या आसपास एकच होती. वॉल्ट नावाच्या गृहस्थाची छोटी कंपनी होती. रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी लागणारी यंत्रं, साचे आणि पितळी पुंगळ्या तो विकायचा. गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा फोन उचलायचा आणि त्यांनी पोस्टानं पाठवलेल्या वापरलेल्या पुंगळ्या तपासून काय चुकलं ते सांगायचं, हे माझं काम. वॉल्टनं मुलाखतीत विचारलं, "बंदूक चालवली आहेस?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "उत्तम. म्हणजे तू स्वतःच्या गोष्टी सांगत बसणार नाहीस."

महाराष्ट्र मंडळात मी 'पितळेच्या कंपनीत आहे' असं सांगायचो. एका काकूंनी लगेच विचारलं, "मग समया करता का रे तुम्ही?" मी म्हटलं, "अजून नाही." या 'अजून'चं मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. माझे वडील शाळामास्तर, मुंग्यांना वळसा घालून चालणारे. त्यांना मी पत्रात 'धातूच्या वस्तूंची तपासणी' एवढंच कळवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

ज्यांचा बंदुकीशी संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपुरताच आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टिकली, पोटात पावडर आणि तोंडात गोळी. घोडा ओढला की टिकली पेटते, ती पावडर पेटवते, गॅस होतो, गोळी निघून जाते. पुंगळी मागे राहते. ती टाकून देता येते. पण इथे पुष्कळ लोक ती उचलून घरी नेतात, जुनी टिकली काढतात, साच्यात दाबून पुंगळी मूळ मापाला आणतात, नवी टिकली बसवतात, काट्यावर तोलून पावडर घालतात आणि वर गोळी दाबतात. याला रीलोडिंग म्हणतात. बाजारात गरम मसाला मिळत असताना आपल्याकडे काही घरांत अजून घरीच कुटतात, त्यातलाच हा प्रकार. स्वस्त पडतं असं सांगतात, पण खरं कारण ते नसतं.

आता काजळी. पावडर पेटली की आत दाब तयार होतो. तो पुरेसा असला तर पुंगळीची पातळ मान फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते आणि धुराला मागे यायला वाट राहत नाही. दाब कमी पडला तर मान नीट फुगत नाही, धूर बाजूनं मागे सरकतो आणि पुंगळी खांद्यापर्यंत, म्हणजे मान जिथे रुंदावते तिथपर्यंत, कधी पार पोटापर्यंत काळी होते. मानेवर थोडं काळं आलं तर काही बिघडत नाही. खाली उतरलं की चौकशी करायची. (बुडाशी टिकलीभोवती काळं असेल तर ते वेगळं दुखणं. ती पुंगळी फेकून द्यायची आणि आधी काय जास्त झालं ते शोधायचं.)

ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हे एका वाक्यात कळेल. पंप कमी असला की ज्योत पिवळी आणि पातेल्याला काजळी. पंप मारला की ज्योत निळी, पातेलं स्वच्छ. म्हणजे काळं दिसलं तर जोर कमी पडला असं समजायचं. पण आमच्या गिऱ्हाइकांनी असला स्टोव्ह पाहिलेला नव्हता. ते काळी पुंगळी बघून म्हणायचे, फार जोराचा बार झाला, आणि पुढच्या वेळी पावडर कमी घालायचे. मग अजून काळं. मग अजून कमी. म्हणून वॉल्टनं मला पहिल्याच दिवशी पहिला प्रश्न पाठ करायला लावला: पावडर कोणती आणि किती घालता? याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक हवामानावर आलं, नातवंडांवर आलं, तरी पुन्हा तोच प्रश्न.

कारणं आणखीही असतात. आयडाहोतले एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्या पुंगळ्या वडिलांच्या वेळच्या. पितळ पुन्हा पुन्हा फुगलं आणि दाबलं गेलं की कडक होतं. कडक मान फुगायला तयार नसते, त्यामुळे पावडर बरोबर असूनही काजळी येते. आपल्याकडचा तांबट भांडं ठोकताना मध्येच तापवून घेतो, तसं मानेला तापवून मऊ करावं लागतं. मी त्यांना नव्या पुंगळ्या घ्या म्हटलं. ते म्हणाले, वडिलांच्याच हव्यात. मग मी त्यांच्या पुंगळ्या मागवून घेतल्या, ज्यांना चिरा नव्हत्या त्यांच्या माना तापवल्या आणि परत पाठवल्या. त्यांनी कृतज्ञतेनं बर्फात ठेवून हरणाचं मांस पाठवलं. मी शाकाहारी. आमच्याकडे ऑर्डरींचं काम बघणारी डोरीन ते घरी घेऊन गेली. मी आभाराच्या पत्रात 'चव फार छान होती' असं लिहिलं. डोरीनला विचारून लिहिलं होतं, पण तरीही.

आता डॉक्टरांचं सांगतो.

एके दिवशी डोरीननं फोन जोडून दिला आणि म्हणाली, "हा तुझ्यासारखं बोलतो." पलीकडून एक गृहस्थ पुंगळी काळी होते म्हणून इंग्रजीत सांगत होते. मी माझं नाव सांगितलं.

"लिमये? म्हणजे मराठीच की तुम्ही!"

"हो. सांगलीचा."

"मी घाटे. नागपूरचा. धंतोली. अरे बाप्पा, काय सांगता! बंदुकीच्या दुकानात लिमये!"

डॉ. घाटे हे सर्जन. ॲरिझोनाच्या पूर्वेला तांब्याच्या खाणींचं एक गाव आहे, तिथल्या इस्पितळात सोळा-सतरा वर्षं. माझ्यापेक्षा बऱ्यापैकी मोठे. हॅरल्ड नावाच्या एका खाणकामगाराचा यंत्रात सापडलेला हात त्यांनी शिवला होता. बोटं वाचली. हॅरल्डनं त्यांना आपली एक जुनी रायफल भेट दिली आणि गावच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर नेऊन नेम धरायला शिकवलं. डॉक्टर कागदी टार्गेटशिवाय कशावरही बार काढत नसत. घरी सुधावहिनींना हे पसंत नव्हतं. "ती म्हणते, तिकिटं जमवा," डॉक्टर म्हणाले. "आता गावात दुसरा मराठी माणूस नाही, हॅरल्डशिवाय दोस्त नाही. काय करू मी तिकिटांचं?"

मग आमचं जे बोलणं झालं ते कुठल्याही दोन मराठी माणसांचं होतं. कुठले, कोणते घाटे, सांगलीचे ते अमुक तुमचे कोण, भेंडी कुठे मिळते, चितळ्यांची नाही तरी कसली का होईना आंबा बर्फी मिळते का. बऱ्याच वेळानं मला पहिला प्रश्न आठवला.

"डॉक्टर, पावडर किती घालता?"

"ते सोडा हो. त्यात मी फार सांभाळून असतो. मीठ असो की औषध, मी कमीच घालतो. कमी घातलेलं नंतर वाढवता येतं. जास्त पडलं तर काढता येत नाही."

अमेरिकन गिऱ्हाईक असतं तर मी म्हटलं असतं, आकडा सांगा. पण वयानं मोठा सर्जन, नागपूरचा, आणि मी त्यांना विचारणार की तुम्हाला तोलता येतं का? मी म्हटलं, "बरोबर आहे डॉक्टर." एवढंच नाही, पुढे म्हटलं, "जपूनच असलेलं बरं."

त्यांनी पुंगळ्या पाठवल्या. पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात, कापसात, एकेक सुटी गुंडाळून. खांद्याच्या खालपर्यंत काळ्या. हॅरल्डनं दिलेल्या जुन्या पुंगळ्या होत्या म्हणून मी निदान केलं: पितळ कडक झालं आहे. निदान तसं चुकीचं म्हणता येणार नाही, माना कडक होत्याच. मी नव्या पुंगळ्या पाठवून दिल्या. पुढच्या फोनवर डॉक्टर खूश होते. "थोडा फरक आहे. अजून काळं येतं, पण मी आणखी जरा कमी करून पाहतो." मी घाईत होतो असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी घाईत नव्हतो. आम्ही कोथिंबीर कुंडीत कशी लावायची यावर बोललो.

नंतरचा फोन शनिवारी सकाळी आला. शिकारीचा हंगाम सुरू होणार असला की आम्ही शनिवारीही ऑफिस उघडं ठेवायचो.

"लिमये, घाटे. रेंजवरून बोलून राहिलो. इथे क्लबात फोन आहे."

"बोला डॉक्टर."

"काही नाही, उगाच. आज पुंगळ्या पार खालपर्यंत काळ्या. आणि एक बार असा झाला, फुस्स. भिजका फटाका असतो न, तसा. टार्गेटवर भोकच नाही. हॅरल्ड हसून राहिला, म्हणे टार्गेट सोडून डोंगराला मारलंस."

मी खुर्ची पुढे ओढली.

"पुंगळी बाहेर काढली तेव्हा आतून दाणे सांडले का? न जळलेले?"

"हो न! शेवयांचा चुरा असतो तसे. पिवळट. काहून?"

"डॉक्टर, बंदूक आता कुठे आहे?"

"हॅरल्डजवळ. तो म्हणे, तुझा नेम धड नाही, आता मी एक मारून दाखवतो."

यानंतर मी जे केलं ते आमच्या ऑफिसात कोणी ऐकलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि मराठीत ओरडलो.

"थांबव त्याला! पळ! गोळी नळीत अडकलीय! मारू देऊ नकोस त्याला, पळ!"

पावडर अगदीच कमी पडली की ती धड पेटत नाही. टिकलीच्या धक्क्यानं गोळी नळीत शिरते आणि मध्येच थांबते. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या काडतुसातली गोळी तिच्यावर जाऊन आदळते, गॅसला जागा राहत नाही आणि नळी फुटते. नळी फुटते तेव्हा तिच्यामागे चालवणाऱ्याचा चेहरा असतो आणि खाली त्याचा डावा हात. हॅरल्डचा डावा हात म्हणजे डॉक्टरांनी शिवलेला.

डॉक्टरांनी रिसीव्हर टेबलावर टाकला. पावलं ऐकू आली, दार आपटलं. मग नुसती रेंज ऐकू येत होती. शनिवारची सकाळ, हंगाम तोंडावर आलेला, म्हणजे तिथे बरेच लोक असणार. एक बार झाला. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहिलो. मग दुसरा बार झाला. त्यातला कुठलाही हॅरल्डचा असू शकत होता. फुटलेल्या नळीचा आवाज फोनवर कसा येतो हे मला माहीत नव्हतं. डोरीन तिच्या टेबलामागे उभी होती. तिनं विचारलं, "घरी काही झालं का?" मी मानेनंच 'नाही' म्हटलं. पुन्हा एक बार झाला, जरा मोठा. डोरीन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं, तरी आली.

पहिल्या फोनपासून आम्ही काय काय बोललो ते मी त्या वेळात पुन्हा ऐकलं. भेंडी, आंबा बर्फी, कोथिंबीर.

दार वाजलं. कोणीतरी धापा टाकत होतं.

"थांबवला," डॉक्टर म्हणाले. "खांद्याला लावली होती त्यानं. मी ओरडलो तर तो म्हणे, डॉक, काय भाषा बोलतोस? मी मराठीतच ओरडलो."

"काडतूस काढायला सांगितलं?"

"काढलं. क्लीनिंग रॉड टाकून पाहिला." त्यांना श्वास घ्यायला वेळ लागला. "अर्ध्यावर अडून राहिला, लिमये."

मी खाली बसलो. मग मी विचारलं, "डॉक्टर, पावडर किती घालत होता?"

त्यांनी आकडा सांगितला. रीलोडिंगच्या पुस्तकात सुरुवात करायला म्हणून दिलेला सगळ्यात लहान आकडा त्याच्या कितीतरी वर होता.

वॉल्ट आवाज ऐकून त्याच्या खोलीतून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं: फोन, कोथिंबीर, पहिला प्रश्न मी कसा सोडून दिला. आता नोकरी जाणार असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानं माझं मन हलकं झालं असतं. वॉल्टनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पुढच्या वेळी इंग्रजीत ओरड. म्हणजे आम्हालाही शिकता येईल." आणि खोलीत गेला.

रविवारी मी पितळी सळई, तेल आणि लाकडी हातोडा घेऊन डॉक्टरांच्या गावी गाडी काढली. गॅरेजमध्ये बंदूक फडक्यात आवळून बसवली, नळीत तेल सोडलं आणि हळूहळू ठोकायला लागलो. हॅरल्डही आला होता. आडमाप माणूस, डाव्या हातावर टाक्यांची पांढरी रेघ. मी ठोकत असताना बंदूक हलू नये म्हणून त्यानं त्याच हातानं धरून ठेवली.

गोळी बाहेर आली. तांब्याच्या रंगाची, अंगावर नळीच्या आतल्या पिळाचे आटे उमटलेले. डॉक्टरांनी ती बशीत ठेवली. सुधावहिनी चहा घेऊन आल्या तर बशी भरलेली.

"हेच अडकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "मी जरा कमी घातलं."

"जरा!" वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, यांच्या हाताला मीठच नाही. नंतर घालता येतं म्हणतात. पण पानावर बसलेल्या पाहुण्याला मीठ मागायची लाज वाटते, तो तसंच अळणी खाऊन जातो. हे यांना कोण सांगणार?"

मी चहा प्यायलो. साखर कमी होती. मी मागितली नाही.

दुपारी नळी आतून उजेडात पुन्हा पुन्हा तपासून आम्ही तिघं रेंजवर गेलो. पावडर मी स्वतः तोलली होती, पुस्तकातला सुरुवातीचा आकडा, ना कमी ना जास्त. डॉक्टर नुसते उभे होते. त्यांचे हात ऑपरेशनमध्ये कधी थरथरले नसतील, आज ते पाठीमागे बांधलेले होते.

"तू मार," ते मला म्हणाले. "माझी हिंमत होऊन नाही राहिली."

हॅरल्डनं मला बंदूक धरायला शिकवली. मी मारली. खांद्याला चांगला दणका बसला. पुंगळी काढली, निववली, तिघांनी मिळून बघितली. मानेवर काळसर छटा, खांद्यापासून खाली लख्ख पितळ. डॉक्टरांनी ती माझ्या हातातून घेतली आणि रुमालात बांधली.

बार करताना मला मजा आली होती. हे मी घरी सांगितलेलं नाही. माझी बायको हा अंक वाचते, म्हणजे आता कळेल.

परत निघताना डॉक्टर गाडीपर्यंत आले. म्हणाले, "काल तू मला 'पळ' म्हणालास. माझा बाप गेल्यापासून मला कोणी असं बोललं नव्हतं."

"माफ करा डॉक्टर, त्या गडबडीत..."

"माफ काय करू? पहिल्याच फोनवर म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

त्यांनी हे हसत म्हटलं. मी ते तसं घेऊ शकलेलो नाही. पुंगळ्यांचं काम मी त्यानंतरही केलं, आणि पहिला प्रश्न कोणालाच सोडला नाही, पाद्र्याला नाही, पोलिसाला नाही. फोनवर एक मेजर होते, ते म्हणाले, तरुण माणसा, मी दोन युद्धं पाहिली आहेत. मी म्हटलं, हो सर, पावडर किती घालता? माझ्या या सवयीमुळे मंडळात मी जरा उद्धट समजला जातो. कोणी वडीलधारं 'ते मी बघतो' म्हणालं की मला तिथेच थांबता येत नाही.

चिपचा धंदा सुधारला तेव्हा मी चँडलरला परत गेलो. आता पांढरा झगा आणि टोपी घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. इथे काजळीचा कण दिसला तर सगळं काम थांबतं. फोन कोणाचा येत नाही. वडिलांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते याचा अंदाज मला रोज वेगळा येतो.

डॉक्टर दर दिवाळीला मला चिवड्याचा डबा पाठवतात. चिवडा ते स्वतः करतात. डब्यात चिवड्याच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, त्या वर्षीची एक पुंगळी असते. या वर्षी डबा लवकर आला. मी पुंगळी काढून खिडकीशी नेली. मानेवर थोडं काळं, आणि एका बाजूनं ते खांद्यावर किंचित उतरलंय असं वाटलं. उजेड कमी असेल. चष्माही बदलायचा आहे. तरी मी फोन लावला.

"डॉक्टर, लिमये. पावडर किती घालता?"

त्यांनी नमस्कार न करता आकडा सांगितला, जसा आपण घराचा पत्ता सांगतो तसा. मी पुस्तक उघडून पाहिला. बरोबर होता.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "हॅरल्ड इथंच बसून आहे, तुला हॅलो म्हणतो. आता सांग, चिवडा कसा झाला?"

मी एक घास तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे, डॉक्टर."

"असू दे," ते म्हणाले. "ते नंतर घालता येतं."